सिंगल पेरेंट, पगार जरा बरा : हॉस्पिटल कव्हर घेऊ की सरचार्ज भरू? (ऑस्ट्रेलिया)

यारा_काठची

नमस्कार मंडळी. मेलबर्नच्या वेस्टमध्ये राहते, दोन मुलं, मोठी १४ ची आणि धाकटा ९ चा. गेल्या जूनमध्ये नवरा आणि मी वेगळे झालो, म्हणजे २०२५-२६ हे टॅक्सचं (जुलै ते जून) पहिलंच वर्ष जे अख्खं माझं एकटीचं आहे. इन्शुरन्स, टॅक्स रिटर्न वगैरे आत्तापर्यंत तोच बघायचा, माझं काम फक्त फोनवर आलेला कोड वाचून दाखवायचं, त्यामुळे आता सगळं मुळापासून शिकतेय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

झालं काय, ऑफिसमधली एकजण म्हणाली की तू आता सिंगल आहेस आणि १,५८,००० च्या वर कमावतेस म्हणजे सगळ्यात वरच्या टियरमध्ये (उत्पन्नाच्या पायरीत), हॉस्पिटल कव्हर नसेल तर दीड टक्का मेडिकेअर लेव्ही सरचार्ज (खासगी हॉस्पिटल इन्शुरन्स नसलेल्या जास्त कमावणाऱ्यांवरचा जादा कर) बसणार, पावणेतीन हजार डॉलर तयार ठेव. ऐकून पोटात गोळाच आला. तसंच रात्री कम्पॅरिझन साइटवर बसले तर सिंगल पेरेंटसाठी ब्राँझ (बेसिकच्या वरच्या पातळीच्या) हॉस्पिटल कव्हरचा कोट आला महिना २३५ डॉलर, म्हणजे वर्षाला २,८२०. म्हणजे सरचार्जपेक्षा इन्शुरन्सच महाग! मग घ्यायचा कशाला?

माझे आकडे देते. पगार सुपर (निवृत्तीचा फंड) सोडून १,८८,०००. बोनस १०,०००. सुपरमध्ये १०,००० सॅलरी सॅक्रिफाइस करते, म्हणजे टॅक्सआधीच पगारातून टाकते. बाणेरला एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय पण लोनचं व्याज आणि मेंटेनन्स धरून वर्षाला साधारण ९,००० डॉलरचा तोटा दाखवतो आम्ही, आता तो फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. एनआरई एफडीचं व्याज साधारण ३,००० डॉलर होतं पण ते तिकडे टॅक्स फ्री आहे म्हणून मी धरलं नाहीये. आणि ऑफिसमध्ये सगळे नोव्हेटेड लीजवर (हप्ता पगारातून कापून ऑफिस भरतं) इलेक्ट्रिक गाडी घेताहेत, एचआरचे मेल येऊन येऊन डोकं उठलंय, मीही ६०,००० ची एक बघून ठेवलीये.

माझं स्वतःचं कव्हर जूनपासून नाही. मुलं त्याच्या पॉलिसीवर आहेत असं तो म्हणतो. काय करू?

पॅरामॅटाकर

ताई, सिंगल म्हणजे सिंगल, त्यात काय विचार करायचा. सगळ्यात स्वस्तातला बेसिक हॉस्पिटल घ्या स्वतःपुरता, ३० जूनच्या आत घेतला की झालं, एटीओ (टॅक्स ऑफिस) खूश. आमच्याकडे सगळे हेच करतात. ब्राँझ सिल्व्हरच्या फंदात पडू नका, पब्लिक हॉस्पिटल उत्तम आहेत इथले.

आकडेमोड

पॅरामॅटाकर, माफ करा पण तुमच्या चार ओळीत तीन गोष्टी चुकीच्या आहेत आणि ताई घाबरलेल्या आहेत तेव्हा जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सरचार्जच्या हिशोबात तुम्ही सिंगल नाही. तुमच्यावर अवलंबून असलेलं एक जरी मूल असेल (२१ च्या आतलं, किंवा फुल टाइम शिकत असेल तर २५ च्या आतलं) तर तुम्हाला फॅमिलीची मर्यादा लागते, नवरा असो नसो. २०२५-२६ साठी सिंगलची मर्यादा १,०१,००० आहे आणि फॅमिलीची २,०२,०००. शिवाय पहिल्या मुलानंतरच्या प्रत्येक मुलामागे १,५०० वाढतात, म्हणजे दोन मुलांना धरून तुमची रेषा २,०३,५०० वर आहे. तुमच्या मैत्रिणीने जो १,५८,००० चा आकडा सांगितला तो बिनमुलाच्या सिंगल माणसाच्या तिसऱ्या टियरचा. फॅमिलीला ती तिसरी टियर ३,१६,००० च्या पुढे सुरू होते, आणि तिथेही मुलांचे जादा मिळतातच. गंमत बघा, टॅक्सचे स्लॅब मात्र इथे प्रत्येकाला वेगळे एकट्याचेच, एकट्या पालकाला म्हणून त्यात काही सवलत नाही. सवलत आहे ती या एका कोपऱ्यात, आणि तीच लोकांना माहीत नसते.

दुसरं, ३० जूनच्या आत घेतला की झालं हे खरं नाही. सरचार्ज दिवसांवर मोजतात. जूनमध्ये कव्हर घेतलं तर जूनचे तेवढे दिवस सुटले, आधीच्या अकरा महिन्यांचा सरचार्ज बसतोच, अर्थात तुम्ही रेषेच्या वर असाल तर. तिसरं खाली सांगतो.

आता तुमचं गणित. सरचार्ज लागू होतो का हे बघायला नुसतं टॅक्सेबल इन्कम बघत नाहीत, त्यात बऱ्याच गोष्टी परत मिळवतात. सॅलरी सॅक्रिफाइस केलेलं सुपर परत येतं. भाड्याच्या घराचा तोटा परत येतो, आणि घर बाणेरला असलं म्हणून तो वगळत नाहीत. रिपोर्टेबल फ्रिंज बेनिफिट (ऑफिसकडून मिळालेल्या गाडीसारख्या सोयीची किंमत) परत येतं. म्हणून सुपरमध्ये जास्त टाकून सरचार्ज चुकवू अशी जी आयडिया प्रत्येक बार्बेक्यूला कोणीतरी सांगतं ती चालत नाही.

एनआरईचं व्याज. ताई, ते भारतात करमुक्त आहे, इथे नाही. तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या टॅक्स रेसिडेंट आहात आणि पीआर (कायम रहिवासी) किंवा सिटिझन असाल तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं असतं. ते ३,००० धरा.

म्हणजे टॅक्सेबल झालं : १,८८,००० अधिक बोनस १०,००० अधिक व्याज ३,०००, वजा सुपरचे १०,०००, वजा फ्लॅटचा तोटा ९,०००, उरले १,८२,०००. सरचार्जच्या चाचणीसाठी सुपरचे १०,००० आणि तोट्याचे ९,००० परत मिळवा, झाले २,०१,०००. तुमची रेषा २,०३,५००. अडीच हजाराने खाली आहात. सरचार्ज शून्य. पावणेतीन हजार वगैरे विसरा.

पण अडीच हजार म्हणजे फार जागा नाही, आणि ती इलेक्ट्रिक गाडी बरोब्बर त्याच जागेत घुसते. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीला फ्रिंज बेनिफिट टॅक्स माफ आहे म्हणजे विषय संपला. टॅक्स माफ आहे, पण त्या बेनिफिटची किंमत काढून तुमच्या इन्कम स्टेटमेंटवर रिपोर्ट करतात, माफी असली तरी. ६०,००० च्या गाडीचे नेहमीच्या पद्धतीने २० टक्के म्हणजे १२,०००, त्याला एटीओच्या ठरलेल्या १.८८६८ ने गुणायचं, झाले २२,६४२. पूर्ण वर्षाचे. लीजमुळे तुमचा करपूर्व पगार समजा १५,००० ने कमी झाला तर टॅक्सेबल १,६७,०००, त्यात सुपर आणि तोटा मिळवून १,८६,०००, आणि वर हे २२,६४२, म्हणजे २,०८,६४२. गेलात रेषेच्या वर. आणि एकदा रेषा ओलांडली की वरच्या पाच हजारावर सरचार्ज नाही बसत, टॅक्सेबल आणि फ्रिंज बेनिफिट मिळून जी रक्कम होते त्या अख्ख्या रकमेवर १ टक्का. तुमच्या बाबतीत १,८९,६४२ चा एक टक्का, म्हणजे १,८९६ डॉलर.

याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. १५,००० वर ३७ टक्के टॅक्स अधिक २ टक्के मेडिकेअर लेव्ही (ही नेहमीची, सरचार्ज वेगळा) धरली तर ५,८५० चा टॅक्स वाचतो, त्यातून १,८९६ गेले तरी उरतातच. फक्त एचआरच्या त्या चकचकीत कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा दिसत नाही. आणि एक, फ्रिंज बेनिफिटचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. गाडीची डिलिव्हरी १ एप्रिलनंतर घेतलीत तर यंदाच्या रिटर्नमध्ये त्यातलं काहीच येत नाही, पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये येईल, आणि पुढच्या वर्षी मर्यादाही नव्या लागतील. डीलर फेब्रुवारीत घाई करेल. करू द्या.

बरं, तो २३५ चा कोट काढताना साइटने उत्पन्नाचा टियर विचारला असेल, तिथे काय टिक केलंत?

यारा_काठची

बाप रे. आधी धन्यवाद, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, दोनदा वाचलं आणि वहीत लिहून काढलं.

टियर... ती म्हणाली होती म्हणून मी "सिंगल, १,५८,००० च्या वर" असंच टिक केलं. ते चुकलं का?

आणि दुसरा प्रश्न, मुलं त्याच्या पॉलिसीवर असतील तर माझ्यासाठी ती "अवलंबून" धरतात का? म्हणजे फॅमिलीची मर्यादा मला मिळते का त्याला? आठवड्यातले पाच दिवस माझ्याकडे असतात, शाळेची फी आणि क्लास दोघं मिळून भरतो.

आकडेमोड

टियर चुकलाच. सरकारी रिबेटलाही (प्रीमियमवरच्या सरकारी सवलतीला) हेच फॅमिलीचे टियर लागतात. तिसऱ्या टियरला रिबेट शून्य, म्हणून तुम्हाला पूर्ण किंमत दिसली. २,०३,५०० च्या खाली असाल तर ६५ वर्षांखालच्यांना साधारण २४ टक्के रिबेट मिळतो, म्हणजे तो २३५ चा कोट १७८ च्या आसपास येईल. गाडीमुळे पहिल्या टियरमध्ये गेलात तर रिबेट १६ टक्क्यांच्या आसपास, मग १९७. आणि टियर सांगताना अंदाज चुकला तरी दंड वगैरे नाही, रिटर्न भरताना कमीजास्त होऊन जातं, जास्त रिबेट घेतला असेल तर परत द्यावा लागतो एवढंच.

आणि प्रायव्हेटहेल्थ डॉट गव्ह डॉट एयू ही सरकारी साइट वापरा, तिथे सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी असतात. खासगी कम्पॅरिझनवाल्यांना कमिशन मिळतं, आणि नंबर दिलात की पुढचे तीन महिने फोन.

दोन_पोरांचा_बाप

मुलांच्या प्रश्नाचं मी सांगतो कारण मी पलीकडच्या बाजूला आहे, माझी पोरं आईकडे राहतात आणि माझ्याकडे एक आड एक वीकेंड.

मूल सांभाळणं याचा एटीओचा अर्थ फक्त एका छपराखाली राहणं असा नाही. त्यांना खायला, कपडे, राहायला देता किंवा त्यांच्या राहण्याच्या, औषधपाण्याच्या, शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावता, तर तुम्ही सांभाळता. त्यामुळे तुमचा प्रश्न मिटला, पाच दिवस तुमच्याकडे आहेत म्हणजे तुम्हाला फॅमिलीची मर्यादा मिळतेच. ते एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं गेलं असं नसतं.

पण याची उलटी बाजू बघा, आणि हीच ती आकडेमोड यांनी राखून ठेवलेली तिसरी गोष्ट असणार. फॅमिलीची मर्यादा घेतली की कव्हरची अटही फॅमिलीची लागते. सरचार्ज टाळायचा असेल तर तुम्ही आणि सगळी मुलं, सगळ्यांना हॉस्पिटल कव्हर पाहिजे. पॅरामॅटाकर म्हणतात तसं फक्त स्वतःपुरतं बेसिक घेतलं आणि मुलं उघडी, तर रेषेच्या वर गेल्यावर सरचार्ज पूर्ण बसतो. पैसे इन्शुरन्सलाही गेले आणि एटीओलाही. आमच्या ओळखीत एकाचं अगदी असंच झालं, त्याला वाटलं मुलं मेडिकेअरवर (सरकारी आरोग्यसेवेवर) आहेत म्हणजे झालं.

मात्र सगळे एकाच पॉलिसीवर असले पाहिजेत अशी अट नाही. मुलं बापाच्या पॉलिसीवर आणि तुम्ही तुमच्या सिंगल पॉलिसीवर, हे चालतं. आणि सिंगल पॉलिसी सिंगल पेरेंटवाल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. तेव्हा आधी त्याच्याकडून नीट खात्री करा. "मुलं माझ्या पॉलिसीवर आहेत" एवढं बोलणं पुरत नाही हो. ते हॉस्पिटल कव्हर आहे की नुसतं एक्स्ट्राज? दात, चष्मा, फिजिओचं एक्स्ट्राज कितीही भारी असलं तरी सरचार्जसाठी ते शून्य. एक्सेस (अ‍ॅडमिट झाल्यावर आधी स्वतः भरायची रक्कम) किती आहे? फॅमिली पॉलिसीवर वर्षाला १,५०० पर्यंतच चालतो, सिंगलवर ७५०, त्याच्या वरचा एक्सेस असेल तर ती पॉलिसी मोजतच नाहीत. आणि वर्षभर चालू होती का, कारण त्याने ऑक्टोबरमध्ये पॉलिसी बंद केली आणि तुम्हाला सांगितलं नाही तर तेव्हापासूनचे दिवस तुमच्या डोक्यावर.

आमच्यात बोलणं धड नसायचं तेव्हा मी साधा उपाय केला, पॉलिसीचं वार्षिक स्टेटमेंट दरवर्षी जुलैत ईमेलने पाठवायचं असं मिडिएशनच्या कागदातच लिहून घेतलं. भांडण नाही, आठवण नाही, कागद येतो. तुम्हीही सांगून बघा.

आणि हो, ते इलेक्ट्रिक गाडीचं फ्रिंज बेनिफिट चाइल्ड सपोर्टच्या हिशोबातही धरतात, सॅलरी सॅक्रिफाइस आणि घराचा तोटा पण. देणारे असोत की घेणारे, कागदावर तुमचं उत्पन्न वाढलेलं दिसतं. चाइल्ड सपोर्टच्या मिळणाऱ्या पैशावर मात्र टॅक्स नाही, आणि देणाऱ्याला त्याची वजावटही नाही (इथे मी एक सुस्कारा टाकतो).

पॅरामॅटाकर

बरं बरं, फॅमिलीचं मान्य. पण मुद्दा तोच ना, रेषेच्या खाली आहेत तर घेऊच नका इन्शुरन्स. सरचार्ज नाही तर हवा कशाला. उगीच कंपन्यांची धन.

नर्सबाई_जीलाँग

पॅरामॅटाकर दादा, टॅक्स हे एकच कारण धरून इन्शुरन्स घेणारे पण तुम्हीच आणि न घेणारे पण तुम्हीच 😄

यारा, तुला अगं म्हणते चालेल ना. मी पब्लिकमध्येही काम केलंय आणि प्रायव्हेटमध्येही, तर आकडे सोडून जरा वॉर्डातलं सांगते. इमर्जन्सीला इन्शुरन्स असो नसो तू पब्लिकलाच जाणार. पोराचा हात मोडला, ताप उतरेना, अपेंडिक्स, दमा, सरळ पार्कव्हिलला रॉयल चिल्ड्रन्स नाहीतर जवळच्या पब्लिकची इमर्जन्सी, आणि तिथे उपचार उत्तम होतात, मेडिकेअर कार्ड दाखवायचं, बिल नाही. कॅन्सरबिन्सर गंभीर काही असेल तर पब्लिक थांबवून ठेवत नाही. प्रायव्हेटचा खरा उपयोग होतो तो "जीव जात नाही पण जगणं अवघड" अशा गोष्टींना. टॉन्सिल, कानातले ग्रोमेट, गुडघ्याचं लिगामेंट, हर्निया, बायकांच्या पोटाच्या तक्रारी. पब्लिकमध्ये याच्या रांगा लांब असतात. आणि हे सगळं ब्राँझमध्ये येतं. बेसिकमध्ये यातलं जवळजवळ काही नाही, बेसिक म्हणजे टॅक्ससाठी घेतलेला कागद, त्यात रिहॅब, सायकिअ‍ॅट्रिक, पॅलिएटिव्ह एवढंच सक्तीचं आणि तेही मर्यादित. हृदय, पाठ-मणका हवं असेल तर सिल्व्हर. मोतीबिंदू, गुडघे बदलणं, बाळंतपण गोल्ड. तुझ्या वयाला आणि मुलांच्या वयाला गोल्ड नको.

एकट्या आईला रांगेचा त्रास वेगळा होतो हे मात्र खरं. ऑपरेशनची तारीख हातात असली की आईला पुण्याहून बोलवता येतं, रजा लावता येते, शाळेचं बघता येतं. पब्लिकची तारीख पुढे ढकलली की सगळं कोलमडतं. हे मी वॉर्डात खूप पाहिलंय, त्यामुळे मला विचारशील तर परवडत असेल तर ब्राँझ घे, पण सरचार्जच्या भीतीने नको.

प्रायव्हेट म्हणजे फुकट असंही समजू नकोस. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असताना डॉक्टरच्या ठरलेल्या सरकारी फीचे ७५ टक्के मेडिकेअर देतं, २५ टक्के इन्शुरन्स, आणि डॉक्टरने त्याच्या वर जे लावलं ते गॅप म्हणून तुझ्या खिशातून, तुझ्या कंपनीची गॅप स्कीम तो डॉक्टर घेत नसेल तर. ऑपरेशनआधी सर्जन आणि भूल देणारा दोघांकडूनही लेखी खर्च मागायचा. भूलवाल्याचं लोक विसरतात. मुलांच्या अ‍ॅडमिशनला काही कंपन्या एक्सेस घेत नाहीत, तेही विचार.

जूनपासून तुझं कव्हर तुटलंय म्हणजे वेटिंग पीरियड बहुतेक पुन्हा पहिल्यापासून. आधीपासूनचा आजार असेल तर १२ महिने, इतर बहुतेक गोष्टींना २ महिने. म्हणजे आज पॉलिसी घेऊन उद्या जुनं दुखणं काढता येणार नाही.

आणि व्हिक्टोरियात आहेस तर अ‍ॅम्ब्युलन्स! मेडिकेअर अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे देत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची फॅमिली मेंबरशिप वर्षाला साधारण शंभर डॉलरच्या आसपास असते, इन्शुरन्सचं काहीही ठरो, ती आजच घे. एका फेरीचं बिल हजाराच्या वर सहज जातं. क्वीन्सलँडवाल्यांना हे फुकट असतं म्हणून तिकडून आलेले लोक हमखास फसतात.

आकडेमोड

नर्सबाईंचं अ‍ॅम्ब्युलन्सचं शंभर टक्के बरोबर.

त्यात मी एक घालतो, आणि ताई हे माझं प्रामाणिक मत आहे, हॉस्पिटल कव्हरवर चर्चा चाललीये पण तुमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू तुमचा पगार आहे. पूर्वी दोन पगार होते, एक थांबला तर दुसरा होता. आता एकावर मॉर्गेज, बाणेरचं लोन, दोन मुलं. तुम्ही सहा महिने काम करू शकला नाहीत तर पब्लिक हॉस्पिटल तुमचा उपचार फुकट करेल पण हप्ता कोण भरणार? इन्कम प्रोटेक्शन बघा. सुपरमध्ये काही असेल ते तपासा, बऱ्याचदा त्यात रक्कम तुटपुंजी आणि दोनच वर्षांचं असतं. सुपरच्या बाहेर स्वतः घेतलेल्या इन्कम प्रोटेक्शनचा प्रीमियम टॅक्समधून वजा होतो, लाइफ इन्शुरन्सचा होत नाही. आणि ही वजावट सरचार्जच्या चाचणीत परत मिळवत नाहीत. म्हणजे समजा २,५०० चा प्रीमियम असेल तर तुमचा चाचणीचा आकडा खरोखर १,९८,५०० वर येतो. सुपरने जे होत नाही ते याने होतं. घरून काम करत असाल तर तासाला ७० सेंटची वजावट पण तशीच खरी वजावट, तासांची नोंद ठेवा. नाव आणि वारसदार पण बदला सुपरमध्ये, अजून जुनंच असेल.

निळी_छत्री

माझा थोडा वेगळा प्रश्न, इथेच विचारते. ४८२ व्हिसावर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आहे, मुलगी ६ वर्षांची माझ्याबरोबर, तिचे बाबा नागपूरला. पगार सव्वा लाख. व्हिसासाठी ओव्हरसीज व्हिजिटर कव्हर आहेच. मग मला सरचार्ज नाही ना?

आकडेमोड

तुमचा पगार फॅमिलीच्या रेषेच्या बराच खाली आहे तेव्हा सरचार्जचा प्रश्नच नाही. (ओव्हरसीज व्हिजिटर कव्हर सरचार्जसाठी मोजत नाहीत हे मात्र पगार वाढेल तेव्हासाठी लक्षात ठेवा.) तुमच्यासाठी मोठी गोष्ट दुसरी आहे. भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे तुम्हाला मेडिकेअर मिळत नाही, आणि ज्याला मेडिकेअर नाही त्याला २ टक्के लेव्हीही लागू नाही. पण ती माफी आपोआप मिळत नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडून मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट मागवायचं, दर आर्थिक वर्षाचं वेगळं, आणि ते हातात आलं की रिटर्नमध्ये माफी मागायची. सव्वा लाखावर २ टक्के म्हणजे २,५०० डॉलर. मुलीचंही मागवा. आणि पीआरला अर्ज करून मेडिकेअर कार्ड मिळालं की त्या तारखेपासून ही माफी संपते.

निळी_छत्री

काय सांगताय! दोन वर्षं भरतेय मी ते.

आकडेमोड

मागच्या वर्षांचं स्टेटमेंट मागवता येतं आणि रिटर्न दुरुस्तही करता येतो. त्या रिटर्नच्या असेसमेंटची नोटीस आल्यापासून साधारण दोन वर्षांची मुदत असते तेव्हा हा वीकेंड घालवू नका.

यारा_काठची

परत आले. त्याला मेसेज केला, पॉलिसीचं नाव आणि एक्सेस विचारला. उत्तर आलं, चक्क पीडीएफ. मुलं हॉस्पिटल कव्हरवर आहेत, ब्राँझच आहे, एक्सेस १,०००, जुलैपासून सलग. म्हणजे मुलांचं झालं. अ‍ॅम्ब्युलन्स मेंबरशिप काल रात्रीच घेतली नर्सबाई 🙏 आणि गाडीवाल्याला एप्रिलनंतर सांगते म्हटलं तर तो जरा नाराज झाला, होऊ दे.

आता स्वतःसाठी सिंगल ब्राँझ बघतेय, ७५० एक्सेसवालं. एकच शेवटचं. मी ४१ ची आहे. ३१ नंतर कव्हर नसेल तर दरवर्षी २ टक्के लोडिंग (प्रीमियमवर जादा आकार) लागतं म्हणतात, मग मला वीस-बावीस टक्के जास्त पडणार का? पीआर मिळाल्यावर लगेच फॅमिली पॉलिसी घेतली होती आम्ही, ती गेल्या जूनपर्यंत होती.

आकडेमोड

नाही पडणार. नव्याने आलेल्यांना मेडिकेअरची नोंदणी झाल्यापासून १२ महिने मिळतात, त्या आत हॉस्पिटल कव्हर घेतलं असेल तर वय ३१ च्या पुढे असलं तरी लोडिंग शून्य, आणि तुम्ही घेतलं होतं. त्यानंतर आयुष्यभरात मिळून १,०९४ दिवस कव्हरशिवाय राहिलात तरी चालतं, म्हणजे तीन वर्षांना एक दिवस कमी. तुमचे जूनपासूनचे दिवस त्यातून वजा होताहेत, बाकी खूप आहेत. ते संपले की मात्र पुढच्या प्रत्येक वर्षाला २ टक्के चढतात, आणि एकदा चढलेलं लोडिंग सलग १० वर्षं कव्हर ठेवल्यावरच उतरतं, आणि लोडिंगच्या भागावर रिबेटही मिळत नाही.

फक्त जुन्या कंपनीकडून क्लिअरन्स सर्टिफिकेट (कव्हर कधीपासून कधीपर्यंत होतं याचा दाखला) मागवून नव्या कंपनीला द्या. पॉलिसी त्याच्या नावावर होती तरी तुमच्या कव्हरचे दिवस तुमचेच, तुमच्या नावाने सर्टिफिकेट मिळतं. ते नाही दिलंत तर त्यांची सिस्टिम वय ४१ बघून सरळ लोडिंग लावून मोकळी होते आणि मग ते काढून घ्यायला फोनवर अर्धा दिवस. आणि प्रीमियम दर १ एप्रिलला वाढतात, २०२५ ला सरासरी ३.७३ टक्के वाढले होते. बऱ्याच कंपन्या ३१ मार्चच्या आत वर्षाचे पैसे भरले तर जुना दर ठेवतात, घेणारच असाल तर ते विचारा.

नर्सबाई_जीलाँग

आणि ब्राँझ घेताना गायनॅक आहे ना ते बघ, असतंच, पण पॉलिसीच्या कागदावर हिरवी टिक डोळ्यांनी बघ. "ब्राँझ प्लस" मध्ये कंपनीगणिक काय काय जास्तीचं असतं ते वेगळं असतं, काहींमध्ये दातांची सर्जरी येते, अक्कलदाढ अजून आत असेल तर त्याचा उपयोग होतो.

पॅरामॅटाकर

ते क्लिअरन्स सर्टिफिकेट ऑनलाइन मिळतं का हो? आमच्या हिचं पण राहिलंय.

आकडेमोड

बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये असतं. नसेल तर नव्या कंपनीला परवानगी द्या, त्याच जुन्या कंपनीकडून मागवून घेतात.